गणवेश नसलेल्या शाळेत

गणवेशाचे एक मोठे पुण्य असे, की तो मुलाच्या वडिलांची मिळकत सांगत नाही. राज्य सरकारने २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' योजना राबवली, तेव्हा कापड, शिलाई आणि मापे यांवरून बरीच ओढाताण झाली. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्याचा निर्णय झाला. वाद होता तो गणवेश कोणी शिवायचा याचा. तो असावा की नसावा, याचा नव्हता.

मरोळमध्ये माझी नात ज्या खाजगी शाळेत दहावीला आहे, तिथे मात्र गणवेशच नाही. मुलांनी आपली निवड आपण करावी, हा शाळेचा विचार मला तत्त्वतः मान्य आहे. परंतु शाळा सुटताना फाटकाशी उभे राहिले की वेगळेच दिसते. तेच ढगळ सदरे, तीच सैल जीन्स, त्याच दोन-तीन कंपन्यांचे बूट. शाळेने गणवेश दिला नाही, तेव्हा मुलांनीच एक ठरवून टाकला, आणि तो शाळेच्या गणवेशाहून कितीतरी महाग निघाला.

हे केवळ मरोळचे नाही. महागड्या जॅकेटांपायी किशोरवयीन मुले एकमेकांच्या जिवावर उठू लागली, तेव्हा १९९६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सरकारी शाळांना गणवेश सक्तीचा करण्याची मुभा असावी, असे आपल्या वार्षिक भाषणात सांगितले होते. आपल्याकडे सुदैवाने तेवढी वेळ आलेली नाही. आपल्याकडे मूल फक्त गप्प होते, आणि सहलीला येत नाही.

आमचे घराणे तीन पिढ्या कापडाच्या व्यापारात आहे. टी-शर्ट हातात घेतला की सूत, विणकाम आणि वजन बोटांना समजते. एका टी-शर्टला पाव किलोहूनही कमी कापड लागते. त्याच कापडावर छातीशी बोटभर चिन्ह उमटले की किंमत अनेक पटींनी वाढते. वाढलेली किंमत कापडाची नसते. ती 'मीही तुमच्यातलाच आहे' या दाखल्याची असते. पंधरा वर्षांच्या मुलाला तो दाखला अन्नाइतकाच आवश्यक वाटतो, हे मोठ्यांनी हसण्यावारी नेऊ नये.

गेल्या वर्षी नातीने बूट मागितले. दुकानात तिने बुटाच्या आतली पट्टी वाचली. युरोपातील १९९४ च्या निर्देशानुसार बुटाचा वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा आहे, हे दाखवणारी छोटी चिन्हे तिथे असतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे, विणीची जाळी म्हणजे कापड, चौकट म्हणजे इतर साहित्य. वरच्या भागापुढे कातड्याचे चिन्ह दिसताच तिने बूट परत ठेवले. मला समाधान वाटले. मग तिने त्याच कंपनीचे, त्याच किमतीचे, कृत्रिम साहित्याचे बूट उचलले. घरी तसेच तीन जोड होते.

चामडे सुटले, मोह सुटला नव्हता. अहिंसा पाळली गेली आणि अपरिग्रह दुकानाबाहेरच राहिला. आपल्या घरांत हे पुष्कळदा घडते. वस्तू निर्दोष आहे ना, एवढे आपण कसोशीने पाहतो. वस्तू किती झाल्या, हे मोजत नाही.

मोजण्याची रीत मात्र आपल्या घरात होतीच. सकाळी धारायच्या चौदा नियमांत 'वाणह' म्हणजे पादत्राणे आणि 'वत्थ' म्हणजे वस्त्रे, दोन्ही येतात. आज किती जोड, आज किती वस्त्रे, हा आकडा ज्याचा त्याने ठरवायचा. मी नातीला उपासकदशांगातील आनंद श्रावकाची हकिकत सांगितली. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ. चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरगृहस्थीत, आणि दहा-दहा हजार गायींची चार गोकुळे. त्याने भगवान महावीरांपुढे व्रते घेतली तेव्हा वस्त्रांची मर्यादा ठेवली ती क्षौमवस्त्राच्या एका जोडीची. "दादाजी, त्याला कुणी काही म्हटलं नाही?" तिने विचारले. त्या प्रश्नात तिची सगळी शाळा होती.

तिने स्वतःच आकडा ठरवला: वर्षाला शाळेसाठी दहा कपडे, बुटांचा एक जोड. चौथ्या आठवड्यात वर्गातील एका मुलीने विचारले, "हा तुझा गणवेश आहे का?" त्या संध्याकाळी ती जेवली नाही. तिच्या आईने आग्रह केला नाही, नियम सोड असेही म्हटले नाही. नुसती जवळ बसून राहिली. पुढे काही दिवसांनी, फी-सवलतीवर शिकणारी एक मुलगी डबा खाताना नातीशेजारी येऊन बसू लागली. तिच्याकडेही मोजकेच कपडे होते. पण ते तिने ठरवलेले नव्हते. दोघींमधला हा फरक नातीच्या ध्यानात आला. आपली मर्यादा ऐच्छिक आहे, म्हणून तिचे कौतुक करून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे ती मला म्हणाली. व्याख्यानातही हे मी इतक्या स्वच्छ शब्दांत ऐकलेले नाही.

आता अडचणीचा प्रश्न आपला, मोठ्यांचा. आपल्यातील कित्येक घरे कापड, तयार कपडे आणि पादत्राणांवर चालतात. गिऱ्हाइकाने आणखी घ्यावे म्हणून दिवसभर झटायचे आणि रात्री मुलांना मर्यादा सांगायची, हे जुळवायचे कसे? मला सुचते ते एवढेच: आनंदाने व्यापार सोडला नाही, आपल्या अंगावर किती हे मात्र ठरवले. गल्ल्यावर बसलेल्या बापाचे स्वतःचे कपाट मोजलेले असेल, तरच मुलगा त्याचे ऐकेल.

गणवेश नसलेली शाळा मुलाला निवडीचे स्वातंत्र्य देते. त्या स्वातंत्र्याला 'किती' हा प्रश्न जोडणे घराकडे उरते. तो प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा, मग मुलांना. आणि उत्तराचा आकडा त्यांचा त्यांना ठरवू द्यावा.