दोन कोपरं, दोन ट्यूबा

हळद कातडीला गुणकारी असते, हे मराठी घरात कुणी सिद्ध करून दाखवायला सांगत नाही. माझ्या दोन्ही कोपरांवर सोरायसिसचे लाल, खवलेदार चट्टे उठले तेव्हा भेटेल तो हळदच सुचवत होता. म्हणून एका फार्मसी महाविद्यालयात हळदीच्या अर्काचं जेल तपासायला स्वयंसेवक हवेत असं कळल्यावर मी संमतीपत्रावर सही केली.

संशोधन करणाऱ्या मॅडमनी जेल कसं बनतं तेही दाखवलं. जेलला घट्टपणा देणाऱ्या कार्बोपोलची पूड पाण्यात रात्रभर भिजवलेली होती. हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून अर्क आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात मिसळला. मग ट्रायइथॅनॉलअमाइन या अल्कलीचे थेंब पडू लागले आणि पातळ द्रव बघता बघता घट्ट होऊन काचकांडीला धरून राहिला. दर थेंबानंतर मॅडम पीएच बघायच्या. अल्कली जास्त झाली की कर्क्युमिन लालसर होतं आणि झपाट्याने विघटित होतं.

मला दोन ट्यूबा मिळाल्या, दोन्ही पिवळ्या. एकीत अर्क, दुसरीत खाण्याचा रंग घातलेलं नुसतं जेल. कुठल्या कोपराला काय, हे मलाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनाही.

नुसतं जेल हाच या प्रयोगाचा कणा. त्यातलं पाणी उडताना गारवा येतो, खवले मऊ पडतात, खाज थोडा वेळ थांबते. तुलना केली नाही तर हे सगळं श्रेय वनस्पतीच्या खात्यावर जमा होतं. तैवानमध्ये नीळ वापरून केलेल्या मलमाची चाचणी अशीच झाली. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सोरायसिसच्या रुग्णांना एका बाजूला मलम आणि दुसऱ्या बाजूला औषधाविना नुसता लेप लावला होता. मलमाची बाजू स्पष्टपणे सुधारली.

हळदीचा विषय निघाला की आपण पेटंटची लढाई आठवतो. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 साली दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. पण तिथे सिद्ध झालं ते एवढंच, की हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे. सोरायसिसवर हळद किती आणि कशी लागू पडते, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर कोपरांवरच शोधावं लागतं.

डॉक्टर लालसरपणा, जाडी आणि खवले यांना शून्य ते चार गुण द्यायचे. शेवटी सांकेतिक यादी उघडली. अर्क डाव्या कोपराला होता. खवले दोन्हीकडे सारखेच कमी झाले होते. लालसरपणा मात्र डावीकडे एका गुणाने उतरला होता. माझा चेहरा खुललेला पाहून मॅडम म्हणाल्या, “एका माणसाच्या एका गुणावर मी काही लिहू शकत नाही हो.” सध्या त्या वेगळ्याच मोजणीत गुंतल्या आहेत: उन्हाळाभर कपाटात राहिलेल्या ट्यूबांमध्ये कर्क्युमिन किती शिल्लक उरलं आहे.