येनाची पानगळ

गावाचे नाव येना आणि त्याच्या काठाने वाहणाऱ्या नदीचे नाव झाले! मुलाने फोनवर पहिल्यांदा सांगितले तेव्हा मला वाटले, आईला बोलावण्यासाठी चिरंजीव लाडात आले आहेत. पण नकाशा काढून पाहिला तर खरोखरच जर्मनीच्या मध्यावर, थुरिंगिया प्रांतात, हे येना आहे. आणि तिकडचे लोक शब्दाच्या आरंभीच्या 'स'चा 'झ' करीत असल्यामुळे त्याची नदी झालेच आहे. २०२३ सालच्या सप्टेंबरअखेर मी तेथे पोहोचले, ती दिवाळी आटोपूनच परतले.

दोन्ही अंगांना चुनखडीचे पांढुरके डोंगर, मध्ये नदी आणि नदीला धरून लांबट पसरलेले गाव. येथली काच आणि भिंगे जगभर गेली. शिलरने येथे इतिहास शिकवला, हेगेलने तत्त्वज्ञान. एखादा व्यासंगी प्रवासी यावरच दहा पाने लिहील. पण मी पडले तीस वर्षे बालवाडीत काढलेली बाई. कोणत्याही गावी गेले तरी तेथली चार-पाच वर्षांची पोरे काय करतात हे पाहिल्याशिवाय मला ते गाव पाहिल्यासारखे वाटत नाही. नातीला रोज सकाळी तिच्या बालवाडीत पोहोचवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मला हवे होते तेच घडले.

काम मात्र एवढेच नव्हते. मी आल्याच्या दुसऱ्या रात्री मुलाने कपाटातून पुण्याहून आणलेल्या तिच्या वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. साडेचार वर्षांची पोर. पुण्याच्या नर्सरीत तिने एक ते पन्नास आकडे आणि सगळी इंग्रजी मुळाक्षरे गिरवली होती. पानापानावर तांबड्या शाईतल्या चांदण्या होत्या.

"आई, इथं येऊन सहा महिने झाले. एक अक्षर शिकवलं नाही गं या लोकांनी. रोज चिखल घेऊन घरी येते. आणि तिथं तोंडही उघडत नाही म्हणे. बाई सांगतात, घाई करू नका."

दुसरी एक इंग्रजी माध्यमाची शाळा त्याने पाहून ठेवली होती. तेथे वह्या होत्या, गृहपाठ होता आणि फीही भरभक्कम होती. दिवाळीपर्यंत काय ते ठरवायचे होते. "तू जन्मभर हेच केलंस. बघ आणि सांग," तो म्हणाला. सूनबाई काही बोलल्या नाहीत. वह्या उचलून त्यांनी परत कपाटात ठेवल्या.

जर्मनीत मूल सहा वर्षांचे झाल्यावर शाळेत जाते. त्याआधीची तीन वर्षे बालवाडीची, आणि तेथे लिहिणे-वाचणे शिकवायचे नाही असा सर्वसाधारण रिवाज. दारातून आत गेले की भिंतीला ओळीने खुंट्या. प्रत्येकीवर नावाऐवजी एकेक चित्र: कुणाचा मासा, कुणाची छत्री. आमच्या नातीच्या खुंटीवर गोगलगाय होती. तिच्या गप्प बसण्याशी हे चित्र फारच जुळत होते, पण ते तिने स्वतःच निवडले होते असे कळले! खुंटीला रबरी बूट आणि चिखलात घालायची मेणकापडासारखी तुमान. ही तुमान म्हणजे तिकडचा खरा गणवेश. नात अजून रुळलेली नव्हती, म्हणून काही दिवस आजीने वर्गात बसावे असे बाईंनीच सुचवले. बाईंना इंग्रजी येत होते. मला ते जेमतेम येते. मुलांच्या बाबतीत तेवढे पुरते.

पहिल्याच सकाळी सगळी वरात बादल्या घेऊन बाहेर पडली. रस्त्याच्या कडेला रानचेस्टनटची झाडे होती. त्याचे फळ धोत्र्याच्या फळासारखे काटेरी. ते जमिनीवर आपटून फुटते आणि आतून आवळ्याएवढी, तपकिरी, पॉलिश केल्यासारखी बी बाहेर येते. हे खायचे नाही, पोटाला बाधते, हा पहिला धडा. तो फळा-खडूने शिकवला नाही. प्रत्येक पोराने बी हातात घेतली, तोंडाशी नेण्याचा अभिनय केला आणि सगळ्यांनी मिळून मोठ्याने "नाइन!" म्हटले. जर्मन भाषेत नाही म्हणायला नाइन म्हणतात. आमची नात ओठ मिटूनच उभी होती, पण मान तिने हलवली.

इथे थोडे थांबून ऋतूंविषयी बोलले पाहिजे. शब्दकोश उघडला तर तिकडच्या या ऋतूला आपण शरद म्हणतो. पण आपला शरद म्हणजे धुतलेले आकाश, पिवळे होत आलेले भात, कोजागिरीचे दूध. पाने गळायची ती आपल्याकडे शिशिरात, होळीच्या आगेमागे. तिकडे आश्विनातच सगळा डोंगर पेटल्यासारखा दिसतो आणि पंधरवड्यात उघडा पडतो. त्या वर्षी कोजागिरीला, २८ ऑक्टोबरला, खंडग्रास चंद्रग्रहण होते. त्याच रात्री घड्याळे तासभर मागे सरकली आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजताच अंधारू लागले. उजेड असा हातातून निसटताना पाहिला की तेथल्या लोकांना या ऋतूचे एवढे अप्रूप का, हे कळते. तो तिकडच्या मुलांचा सुगीचा काळ असतो. फक्त ती धान्याऐवजी पाने गोळा करतात.

गोळा केलेल्याचे काय झाले ते ऐका. पाने रंगांवार लावली गेली, मग कडांवार: दातेरी वेगळी, गुळगुळीत वेगळी. काही जुन्या वर्तमानपत्रात दाबली. काहींवर कागद ठेवून मेणाच्या खडूने घासले की शिरा उमटत. एके दिवशी बाईंनी हिरवी पाने चुरून स्पिरिटात भिजवली आणि त्यात कॉफी गाळायच्या कागदाची पट्टी सोडली. तासाभराने पट्टीवर हिरव्या रेघेबरोबर एक पिवळी रेघही चढली. पिवळा रंग पानात पहिल्यापासून असतोच. हिरवा ओसरला की तो उघडा पडतो. तांबडा मात्र बहुधा पान जाता जाता नव्याने तयार करते. मुलांना यातले किती उमजले देव जाणे, पण त्या दिवसापासून पोरे हिरवे पान उन्हाकडे धरून आत पिवळे लपले आहे का ते पाहू लागली. मी तीस वर्षांत बीएड झालेल्यांनाही अशी पाने पाहताना पाहिले नाही.

एक दिवस तराजू आला. एका पारड्यात सफरचंद, दुसऱ्यात ओकची फळे टाकायची. ही फळे लांबोळ्या सुपारीएवढी आणि डोक्यावर खडबडीत वाटीची टोपी घातलेली. किती टाकली म्हणजे पारडी बरोबर होतील? आधी प्रत्येकाने अंदाज करायचा आणि तेवढे खडे आपल्यापुढे मांडायचे. पन्नासपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या आमच्या नातीने तीन खडे मांडले! सफरचंद मोठे आहे हे तिला दिसत होते. मोठे म्हणजे किती, हे तिच्या हातांना कधी कोणी विचारलेच नव्हते. पारड्यात एकेक फळ पडत गेले तसे तिचे डोळे मोठे होत गेले आणि ती गुपचूप आपल्या खड्यांत भर घालत गेली. बाईंनी ते पाहिले आणि पाहिले नसल्यासारखे केले. चांगली शिक्षिका ओळखायची ती यावरून.

त्या रात्री मी मुलाला हे सांगितले. "पण लिहिता कधी येणार?" तो म्हणाला.

मध्ये एका रविवारी आम्ही बाट ब्लांकेनबुर्गला गेलो. येनाहून गाडी झालेच्या काठाकाठाने जाते. पुढे गाडी बदलली की डोंगराच्या पायथ्याशी हे छोटेसे गाव लागते. फ्रोबेलने १८३७ साली येथे लहान मुलांची संस्था काढली आणि १८४० साली तिला नाव दिले किंडरगार्टन. आपण बालोद्यान म्हणतो ते हेच. हा माणूस येनाच्याच विद्यापीठात शिकत होता आणि कर्जापायी तेथल्या कोठडीत बसूनही आला होता. आई तो वर्षाचा होण्याआधीच गेली. तरुणपणी वनखात्याचे काम शिकला, पुढे स्फटिकांचा अभ्यास केला. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, नळकांडे ही त्याची खेळणी संग्रहालयात मांडली आहेत. आता गंमत पाहा. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या बालवाड्यांवर बंदी घातली! त्याच्या पुतण्याचे समाजवादी लिखाण त्याच्या नावावर धरले गेले, असे सांगतात. पुढच्याच वर्षी तो वारला. बंदी उठली १८६० साली. मुलाने ही हकिकत काचेपुढे उभे राहून दोनदा वाचली. चेंडूला सरकार घाबरले याचे त्याला नवल वाटले.

मला तेथे कोसबाड आठवले. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरांमागे जात असतील तर कुरणात न्यायची. माँटेसोरीची महागडी साधने पाड्यावर कुठून येणार? म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे हीच साधने. मी शिकत होते तेव्हा तेथे मणी ओवावेत तशा बिया ओवणारी वारली मुले पाहिली आहेत. येनाच्या वर्गातली ओकची फळे पाहून मला परके वाटले नाही, याचे कारण ते.

आता गिरमिटाची गोष्ट. चेस्टनटच्या बीला गिरमिटाने भोक पाडायचे, आगपेटीच्या काड्या खोचायच्या आणि माणसे, घोडे, हरणे करायची. तिकडे घरोघरी हे चालते. चार वर्षांच्या पोराच्या हातात खरे गिरमिट पाहून आपल्याकडे पालकसभा भरली असती. पण बी एका हाताने घट्ट धरायची, दुसऱ्या हाताची तीन बोटे आणि मनगट फिरवायचे, जोर किती लावायचा ते समजून लावायचा. अक्षर गिरवायला याहून वेगळे काय लागते? तीन बोटांत बळ नसताना पेन्सिल धरलेली मुले मी शेकड्यांनी पाहिली. त्यांच्या अक्षरापेक्षा त्यांचे आवळलेले जबडे माझ्या लक्षात राहिले आहेत.

आमच्या नातीशेजारी लाल टोपीचा एक मुलगा बसे. त्याची बी सारखी निसटत होती. तिने दोनदा पाहिले, तिसऱ्यांदा त्याच्या हातावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "थांब!"

सगळा वर्ग वळून पाहू लागला. तिने बी टेबलावर दाबून धरली, त्याने गिरमिट फिरवले, भोक पडले. दुसऱ्या दिवशी तो लाल टोपीवाला दारातच आम्हाला पाहून ओरडला, "थांब!" दुपारपर्यंत निम्मा वर्ग एकमेकांना थांब म्हणत होता. बाईंनी माझ्याकडून तो शब्द कागदावर लिहून घेतला आणि इतर मुलांच्या घरच्या शब्दांशेजारी भिंतीवर लावला. देवनागरी मुळाक्षर त्या भिंतीवर पहिल्यांदाच चढत असावे.

अंगणाच्या एका कोपऱ्यात पानांचा ढीग मुद्दाम ठेवलेला होता. अंगावर काटे असलेला, घुशीएवढा एक प्राणी तिकडे हिवाळाभर अशा ढिगात झोपतो. त्याला म्हणतात ईगल. त्या ढिगाजवळ कोणी ओरडायचे नाही असा नियम होता आणि तो मोडलेला मी पाहिला नाही. नात रोज जाताना तेथे क्षणभर उभी राही.

नोव्हेंबर लागला आणि कंदिलांचे काम निघाले. ११ तारखेला संत मार्टिनचा दिवस. या रोमन सैनिकाने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपल्या झग्याचा अर्धा भाग तलवारीने कापून दिला, अशी कथा. थुरिंगियात आदल्या दिवशीची संध्याकाळही महत्त्वाची, कारण मार्टिन ल्यूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ चा. जवळच्या एरफुर्टला त्या संध्याकाळी कॅथीड्रलपुढच्या चौकात कंदील घेतलेल्या मुलांची गर्दी लोटते. आमच्या बालवाडीची फेरीही १० तारखेलाच होती, आणि २०२३ साली तीच आपली धनत्रयोदशी! चीजच्या गोल डबीला खळ लावून पातळ कागद, त्यावर दाबून वाळवलेली पाने, आत काडीला टांगलेला इवलासा विजेचा दिवा. मला यात शिकवण्यासारखे काही सापडेल असे वाटले होते, पण पोरे कागद माझ्यापेक्षा नीट चिकटवीत होती.

मुलगा ऑफिसातून परभारे आला. पाऊस भुरभुरत होता. ओळ निघाली, गाणे सुरू झाले आणि नेमका नातीचा दिवा विझला. ओळ पुढे जात होती. मुलाने घाईने तिच्या हातातून काडी घ्यायला हात पुढे केला, तशी तिने तळवा उभा धरला आणि म्हणाली, "वार्टे!"

जर्मन भाषेत थांब म्हणायला वार्टे म्हणतात.

तो थांबला. तिने तीन बोटांनी तो बारीकसा दिवा पिळून घट्ट बसवला. उजेड पडला आणि ती लाल टोपीच्या मागे पळाली.

"हे तिला कोणी शिकवलं?" मुलाने विचारले. मी छत्री उघडत होते, उत्तर द्यायचे राहिले. त्या दुसऱ्या शाळेला नकाराचे पत्र सोमवारी गेले, असे सूनबाईंकडून कळले.

नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळी झाल्यावर नातीने तो चीजच्या डबीचा कंदील गॅलरीत टांगायला लावला. पुण्याहून आणलेला चांदणीचा आकाशकंदील शेजारी होताच. तो घडीचा असल्यामुळे एका बाजूने चेपला होता. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी वर पाहून विचारले, मार्टिनचा दिवस तर काल होऊन गेला, हा अजून कसा? नातीने कठड्यावरून वाकून त्यांना काहीतरी सांगितले. काय सांगितले ते मला कळले नाही, ते जर्मनमध्ये होते.