एकास पस्तीस

दिवाळीतल्या किल्ल्याचे माप कधी कुणी काढले आहे काय? मी काढले आहे. तेव्हा मी सात वर्षांचा होतो. साताऱ्याच्या घराच्या अंगणात आमचा किल्ला दोन हात उंच झाला होता, त्याचा महादरवाजा चार बोटांचा होता, आणि त्या दरवाज्यापुढे उभा केलेला मातीचा मावळा चांगला वीतभर! मी पट्टी आणली, मावळ्याची उंची मोजली आणि अक्काला विचारले, "हा दरवाज्यातून आत कसा जाणार?"

अक्का माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. किल्ल्याच्या उतारावर अळीव पेरता पेरता ती म्हणाली, "तो कशाला आत जाईल? तो पहाऱ्याला आहे ना!"

उत्तर मला मुळीच पटले नाही. त्या दिवशी जी पट्टी हातात घेतली ती आजतागायत खाली ठेवलेली नाही. पुढे चित्रकलेचा शिक्षक झालो आणि मापांवरून मुलांना छळण्याचा मला सरकारी परवानाच मिळाला. निवृत्त झाल्यावर छळायला मुले उरली नाहीत, तेव्हा मी लहान लहान रणगाडे करू लागलो.

हसू नका. हा छंद वाटतो तितका पोरकट नाही, आणि स्वस्त तर मुळीच नाही. यातले सारे शास्त्र एका गुणोत्तरात आहे : एकास पस्तीस. म्हणजे खऱ्या वाहनाचे पस्तीस सेंटिमीटर ते आपल्या टेबलावरचे एक सेंटिमीटर. पाच-साडेपाच फुटांचा माणूस या हिशेबाने जेमतेम पाच सेंटिमीटरांचा होतो. हा पस्तीसचा आकडा आला कोठून, याची मोठी गंमत आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानातील शिझुओका गावच्या तामिया कंपनीने पँथर नावाच्या जर्मन रणगाड्याची प्रतिकृती विकायला काढली. तिच्या पोटात विजेची मोटार आणि बॅटऱ्या बसायला हव्या होत्या. त्या बसतील एवढे पोट केले, आणि मागाहून हिशेब केला तेव्हा माप एकास पस्तीसच्या जवळपास भरले! आज जगभरचे छांदिष्ट ज्या मापासाठी केसाएवढ्या फरकावरून भांडतात, त्याचा उगम असा बॅटरीच्या पेटीत आहे.

तयार सुटे भाग मिळतात, ते जोडून रंगवले की काम झाले. पण मला हवा होता 'विजयंत', आणि त्याची पेटी मला काही मिळाली नाही. विजयंत हा आपल्या देशात बांधलेला पहिला मुख्य रणगाडा. मूळ आराखडा व्हिकर्स या इंग्लिश कंपनीचा, आणि बांधणी मद्रासजवळच्या कारखान्यात. त्या गावाचे नाव आवडी! ज्या वस्तूचा जन्मच आवडीत झाला तिचा मला छंद लागावा, यात नवल ते काय? १९६० च्या दशकाच्या मध्यापासून हे रणगाडे सैन्यात येऊ लागले, १९७१ च्या युद्धात होते, आणि आता ते सेवेतून निवृत्त झाले आहेत. आम्ही दोघेही पेन्शनीतले, असे मी म्हणतो.

पेटी मिळेना, तेव्हा खऱ्या विजयंताकडेच जाणे भाग पडले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून लष्कराचे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स रॉइसच्या चिलखती मोटारीपासून चर्चिल, व्हॅलेंटाइन आणि १९६५ च्या युद्धातल्या पॅटनपर्यंत सारे दिग्गज तेथे गोळा झाले आहेत. लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतात. मी विजयंतासमोर वही उघडून बसलो. तेथल्या जवानाने तासभर माझ्याकडे पाहिले आणि शेवटी विचारले, "आजोबा, काय मोजताय?"

"बोल्ट," मी म्हणालो.

त्याने मला सावलीत बसायला खुर्ची आणून दिली. वेड्यांशी अदबीने वागावे हे लष्करात शिकवीत असावेत.

त्या दिवशी मी साठ-सत्तर फोटो काढले आणि वहीची बावीस पाने भरली. रुंदी सुमारे ३.१७ मीटर, म्हणजे माझ्या टेबलावर ९ सेंटिमीटर. तोफ पुढे धरून लांबी जवळजवळ ९.८ मीटर, म्हणजे २८ सेंटिमीटर. समोरचे पोलाद जिथे सर्वांत जाड तिथे ८० मिलिमीटर, ते माझ्याकडे सव्वादोन मिलिमीटर. तोफेचे तोंड १०५ मिलिमीटरांचे, ते बरोबर ३ मिलिमीटर. दर बाजूला सहा मोठी चाके आणि वरून पट्टा सरकावा म्हणून तीन लहान. असा सारा हत्ती मी वहीत बांधून घरी आणला.

चार महिने काम चालले. अंग प्लॅस्टिकच्या पत्र्याचे, तोफ जुन्या रेडिओच्या अँटेनाची. तोफेच्या मध्यावर धूर खेचून घेणारा जो फुगीर भाग असतो, तो कागदाची पट्टी गुंडाळून केला. बोल्टांसाठी प्लॅस्टिकची बारीक काडी तापवून ओढायची आणि तिच्या चकत्या पात्याने कापायच्या. एक चकती उडून चहात पडली, ती मी गाळण्याने गाळून परत मिळवली. हे पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, जन्मभर पोरांना कमळं काढायला शिकवलीत, आणि म्हातारपणी हे माणसं मारायचं यंत्र काय घेऊन बसलात?"

प्रश्न रास्त होता. मी उत्तर दिले नाही. बोल्ट मोजणाऱ्याला एक सोय असते : बोल्ट मोजताना दुसरा विचार करावा लागत नाही.

विजयंतच का, हे मात्र मला ठाऊक होते. आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, विजयंताचे चालक होते. अक्काचे लग्न १९६९ साली झाले. १९७१ च्या डिसेंबरात युद्ध पेटले तेव्हा दाजी सीमेवर होते, आणि अक्का पाच महिन्यांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे होती. त्या महिन्यात ते मूल तापाने गेले. मी तेव्हा दहा वर्षांचा. तात्यांनी दाजींना तार केली आणि पाठोपाठ पत्रही घातले. दाजी आले नाहीत. १७ डिसेंबरला लढाई थांबली, गावात पेढे वाटले गेले, तरी दाजी आले नाहीत. आले ते फेब्रुवारीच्या अखेरीस. आल्यावर एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शिडी लावून आमच्या गोठ्याची कौले नीट करीत बसले. अक्का खाली उभी राहून त्यांना एकेक कौल देत होती.

दहा वर्षांच्या मुलाने त्या दिवशी दाजींवर जो राग धरला, तो पासष्टीच्या उंबरठ्यावरच्या म्हाताऱ्याने सोडला नव्हता. अक्का जाऊन सहा वर्षे झाली. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून ती मीच मनात चालू ठेवली होती. दाजींना मी सणावारी भेटे, वाकून नमस्कार करी, पण मनात पट्टी धरूनच. या माणसाचे माप मी केव्हाच काढून ठेवले होते.

दाजी आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. श्रावणात मी विजयंत खोक्यात घालून त्यांच्याकडे गेलो. खरे सांगायचे तर प्रेमाने गेलो नाही, परीक्षा द्यायला गेलो. बोल्ट बरोबर आहेत असे खऱ्या चालकाने म्हणावे, एवढाच लोभ होता.

दाजींनी तो मांडीवर घेतला आणि त्यांची जाड बोटे त्याच्यावरून फिरू लागली. तोफेवरून, फिरत्या बुरुजावरून, पट्ट्यांवरून. मी श्वास रोखून बसलो.

"लई चकाचक केलाय, मास्तर," ते म्हणाले. "पण हा कुणाचाच न्हाई."

"म्हणजे?"

"बिस्तरे कुठायत? मागं बांधलेले असायचे. पाण्याची पिशवी कुठाय? बादली? चहाचं भांडं? दसऱ्याला नळीला झेंडूची माळ घालायचो, कुंकू लावायचो. त्या सुतळीचा तुकडा वर्षभर तिथंच लोंबायचा." मग त्यांचे बोट पुढे उजव्या बाजूला चालकाच्या झाकणावर येऊन थांबले. "हे उघडतं का वो?"

"नाही दाजी. चिकटवलंय."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिघं वर असतात, बुरजात. डायवर खाली एकटा. अख्ख्या गाडीत एकट्याची अशी तेवढीच जागा." बोट झाकणावरून हलेना. "तुमच्या तात्यांचं पत्र मला वीस तारखेला मिळालं. तार त्याच्याबी मागनं आली. रजा मागितली. साहेब म्हणाले, लढाई थांबलीय, पण आपण अजून हितंच उभं हावोत. बरोबरच होतं त्यांचं. मग मी आत जाऊन बसलो आणि झाकण लावून घेतलं. किती वेळ, ते ठावं न्हाई. बाहेर तिघं होते, कुणी वाजवलं न्हाई. सांजच्याला एकानं नुसतं वरनं म्हटलं, चहा ठेवलाय."

मी काही बोलू शकलो नाही. त्यांनी गाडी माझ्या हाती परत दिली. "अक्काला ठावं होतं," ते म्हणाले. "कौलं शाकारताना सांगितलं तिला."

घरी येऊन मी ते झाकण पात्याने कापून काढले. आत पाहतो तो काहीच नाही. पोकळ! चार महिने मी बाहेरचे बोल्ट मोजीत होतो आणि चालकाची जागा रिकामी ठेवून तिच्यावर झाकण चिकटवले होते. आतला एकही फोटो माझ्यापाशी नव्हता. तेव्हा पुढच्या आठवड्यात पट्टी घेऊन पुन्हा दाजींकडे गेलो. ते पाटावर बसले, पाय लांब केले, मान किंचित खाली घातली. "गुडघे असे. हात हितं. डोकं वर लागायचं." मी त्यांचे माप घेतले : कमरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, खांद्यापासून मनगटापर्यंत. पट्टी धरलेला माझा हात थरथरत होता. त्यांनी आपल्या दुसऱ्या हाताने तो धरला आणि म्हणाले, "घ्या सावकाश."

आता त्या जागेत पाच सेंटिमीटरांहून थोडा कमी भरेल असा एक माणूस बसला आहे. बिस्तरे बांधले आहेत, बादली लटकते आहे, तोफेला सुतळीचा एक तुकडा आहे. रंगावर वाळूची पूड फासल्यामुळे माझे निम्मे बोल्ट दिसेनासे झाले, त्याचे मला दुःख नाही. झाकणाला सुईची बिजागरी आहे, ते उघडते आणि मिटतेही.

परवा नातवाने गॅलरीत किल्ला केला. मावळे नेहमीप्रमाणे दरवाज्याच्या दुप्पट उंच. दिवाळीला दाजी आमच्याकडेच आले आहेत. नातवाने त्यांचे बोट धरून एकेक मावळा त्यांना दाखवला, आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "आजोबा, हे दारातून आत कसे जाणार?"

पट्टी माझ्या खिशातच होती. ती मी काढली नाही.

"ते कशाला आत जातील?" मी म्हणालो. "ते पहाऱ्याला आहेत ना!"

दाजी हसले. ते वाक्य कुणाचे, हे त्यांनी ओळखले असावे.