गो-लाइव्हच्या दिवशीचे दीडशे बोल्ट

मास कॉम करताना वाटायचं, आपण एक दिवस पंतप्रधानांची मुलाखत घेणार. प्रत्यक्षात आजवरचं माझं सगळ्यात मोठं मानधन आलंय ते 'माल आवक नोंद कशी करावी' या विषयावर लिहून! फ्रीलान्सिंग हे असंच असतं. कव्हर स्टोरीचे पैसे चार महिन्यांनी, तेही तीनदा फोन केल्यावर. घरभाडं निघतं ते कंपन्यांच्या कामांवर.

तर भोसरी एमआयडीसीतली एक ऑटो पार्ट्सची कंपनी. तिथे ईआरपी बसवत होते आणि त्याचं मॅन्युअल सोप्या मराठीत हवं होतं. तुमच्यापैकी निम्मे लोक त्या स्क्रीनला रोज शिव्या घालत असतील, पण ज्यांची गाठ पडली नाही त्यांच्यासाठी सांगते. खरेदी, स्टोअर, प्रॉडक्शन, अकाउंट्स या सगळ्यांनी आपापली रजिस्टरं आणि एक्सेल बंद करायची आणि एकाच ठिकाणी लिहायचं. एकाने आकडा भरला की बाकीच्यांना तो लगेच दिसतो. ग्यानबाची मेख अशी, की चुकलेला आकडाही तितक्याच लगेच दिसतो.

मी कंपनीत दोनदा गेले. दोन्ही वेळा एसी कॉन्फरन्स रूम, सँडविच आणि कन्सल्टंटचं प्रेझेंटेशन. स्टोअर बघायला हवं असं मला वाटलं नाही, कोणी सुचवलंही नाही. दुसऱ्या वेळी ट्रेनिंगला स्टोअरचे काका आले होते. सव्वीस वर्षांची नोकरी, खिशाला दोन पेनं, मांडीवर लाल कापडी बांधणीचं रजिस्टर. जेवायच्या सुट्टीत मला म्हणाले, "मॅडम, चलन किलोत आलं तर काय भरायचं?" मी म्हटलं, "विचारून सांगते काका." कन्सल्टंटला विचारलं, तर तो म्हणाला, "तो मुद्दा नंतर घेऊ." मी वहीत लिहून ठेवलं. आणि विसरले.

मॅन्युअलच्या पान चौदावर मी लिहिलं, 'चलनावरचा आकडा जसाच्या तसा भरा.' ट्रेनिंगच्या नमुना चलनावर नगच होते ना!

१ एप्रिल २०२४, सोमवार. गो-लाइव्ह. (आपल्याकडे आर्थिक वर्षाच्या नादात ही सिस्टिम नेमकी एप्रिल फूलला सुरू करतात, यावर कोणी कसं हसत नाही?) रिसेप्शनवर फुगे, पेढे. दुपारी बोल्टचा माल आला, १५० किलो. काकांनी रजिस्टरमध्ये आजवर असा माल उतरवताना मनातच हिशेब केला असता, किलोला सत्तर-ऐंशी, म्हणजे अकरा हजारांच्या आसपास. पण 'मॅन्युअलच्या बाहेर जायचं नाही' अशी ताकीद होती. त्यांनी १५० टाकलं. सिस्टिमचं एकक होतं नग. झालं! कॉम्प्युटरच्या लेखी बोल्ट दीडशेच.

मंगळवारी सकाळी लाइनने सहाशे मागितले. सिस्टिम म्हणते, नाहीत. समोर पोती पडलेली, सगळ्यांना दिसतायत, पण स्लिप निघेना. तिकडे परचेसवाला सप्लायरला झापतोय, बाकीचा माल कुठाय? तो बिचारा म्हणतो, सगळा पाठवला की! लाइन तीन तास बंद.

असं मोठमोठ्यांचं होतं, हे मला नंतर वाचून कळलं. १९९९ मध्ये अमेरिकेत हर्शी या चॉकलेट कंपनीने ११२ दशलक्ष डॉलरची नवी सिस्टिम हॅलोविनच्या तोंडावर सुरू केली आणि गोदामात चॉकलेट असूनही १०० दशलक्ष डॉलरच्या वर ऑर्डरी अडकल्या. जर्मनीच्या लिडलने तर सात वर्षं आणि अंदाजे ५० कोटी युरो घालवून २०१८ मध्ये सॅपचा प्रोजेक्टच गुंडाळला. त्यांची मालाची किंमत मांडायची पद्धत वेगळी, सॉफ्टवेअरची वेगळी. त्यांच्या रकमा ऐकून डोळे फिरतात, पण मला त्यात काकांचा किलो-नगाचाच प्रश्न दिसतो.

मला सगळं कळलं ते प्रोजेक्ट मॅनेजरच्या फोनवरून. "स्टोअरवाल्याने घोळ घातला. या वयाच्या लोकांना जमत नाही हो. एक्सप्लनेशन मागितलंय." मी "अरेरे" म्हटलं आणि फोन ठेवला. वही उघडली. काकांचा प्रश्न माझ्याच अक्षरात तिथे होता.

इथे मी लगेच मेल केला असं लिहायला मला फार आवडलं असतं. माझं अर्धं बिल बाकी होतं, आणि महिन्याची दोन तारीख होती. मी दीड दिवस गप्प बसले. एकदा वाटलं, कन्सल्टंटचीच चूक आहे, त्याने बोलावं. दुसऱ्यांदा वाटलं, काका कायम नोकरीत आहेत, त्यांचं काय वाकडं होणार? बुधवारी रात्री मेल टाकला: पान चौदा चुकीचं आहे, काकांनी हा प्रश्न आधी विचारला होता, उत्तर मी दिलं नाही. वहीच्या पानाचा फोटो जोडला.

बिल अर्धं कापूनच आलं. एक्सप्लनेशन मागे घेतलं की नुसतं फाइलला लागलं, हे मला कोणी सांगितलं नाही. पान चौदा नव्याने लिहायचं काम मात्र माझ्याकडेच आलं, फुकटात. या वेळी मी थेट स्टोअरला गेले.

मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने एक कागद चिकटवलेला होता. वर 'एम-आठ', पुढे 'एक किलो बरोबर ७४', खाली अजून पाच-सहा ओळी, सगळं काकांच्या अक्षरात. मला वाटलं होतं, बोलणार नाहीत. त्यांनी चहा सांगितला.

"हे छापून घ्या तुमच्या पुस्तकात," म्हणाले. मग चष्मा वर करून कागदाकडे बघितलं. "एम-दहा राहिलाय ताई. या इकडे, वजन करू." आणि तराजू माझ्याकडे सरकवला.