आवाज राहिले, भीती कमी झाली



स्किझोफ्रेनिया हे नाव आपल्या घरांत अजून हळूच घेतात, म्हणून मुद्दाम लिहिते. माझी मावशी ७३ वर्षांची आहे. तिला हा आजार तरुणपणापासून आहे. जवळ कोणी नसतानाही तिला माणसांचे बोलणे ऐकू येते. मुलांनो, हा मेंदूचा आजार आहे. करणी नव्हे, कुणाचे पाप नव्हे, आणि सर्दीसारखा तो लागतही नाही.

औषधांनी आवाज कमी झाले, पण गेले नाहीत. मावशी घराबाहेर पडेना. "खाली गेलीस तर लोक हसतील, असं ते सांगतात," म्हणायची. मग कुपत होलिमच्या मानसोपचार करणाऱ्या बाईंनी तिला शिकवले: विचार पकडा, तपासा, बदला. बाई हिब्रूत विचारायच्या, मावशीचे आवाज मात्र मराठीत! मी मध्ये दुभाषी. तपासायचे म्हणून मावशी खाली बाकावर बसू लागली. वहीत लिहिले, "दोन बायका भेटल्या. कोणी हसलं नाही."

अमेरिकेत सान दिएगोच्या संशोधकांनी ७६ मध्यमवयीन व वृद्ध रुग्णांबरोबर अशा शिकवणीचा अभ्यास केला, तो २००५ साली छापून आला. २४ आठवडे शिकलेल्यांचे आवाज काही विशेष कमी झाले नाहीत, पण रोजच्या जीवनात ते जास्त भाग घेऊ लागले. मावशीचेही तसेच झाले.

घरी येणाऱ्या नर्सने आम्हाला साध्या गोष्टी सांगितल्या. औषधांमुळे चक्कर येते, म्हणून पलंगाच्या कडेला थोडे बसून मगच उठायचे. पोट साफ राहावे म्हणून पाणी आणि फळे. कान-डोळे तपासून घ्यायचे, कारण नीट ऐकू आले नाही की संशय वाढतो. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. "आवाज खोटे आहेत म्हणून भांडू नका, मलाही ऐकू येतात असंही म्हणू नका. भीती वाटली का, एवढंच विचारा."

इस्राएलमध्ये २००० सालच्या कायद्याने, मानसिक आजारामुळे निदान ४० टक्के अपंगत्व ठरलेल्या प्रौढांना 'सल शिकुम' मागता येते. त्यातून घरी मदतनीस, राहण्याची सोय, क्लब असे मिळू शकते. घरात असे माणूस असेल तर लपवू नका, सोशल वर्करला विचारा.

आणि मुलांनो, बाकावर अशी आजी दिसली तर पळू नका. "आजी, कशा आहात?" म्हणा. तिला ऐकायला एक खरा, गोड आवाज मिळेल.