स्वप्न पडते तेव्हा

बऱ्याच वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका विद्यापीठात मी सूरदासांवर व्याख्यान देत होतो. सूरदास जन्मांध होते की नव्हते, हा वाद जुनाच आहे. बाळकृष्णाच्या लीलांची इतकी रेखीव चित्रे जन्मांध कवीला साधणारच नाहीत, असे एक पक्ष म्हणत आला आहे. मीही तेच म्हटले आणि वर भर घातली : जन्मांधाला स्वप्नातसुद्धा रंग दिसत नाहीत, मग ते काव्यात कोठून यावेत? व्याख्यान संपल्यावर एक जन्मांध विद्यार्थी जवळ आला आणि शांतपणे म्हणाला, “सर, आम्हांला काय दिसत नाही ते आपण सांगितलेत. आमच्या स्वप्नांत काय असते, ते मात्र कोणी विचारीत नाही.”

मी ओशाळलो. माझे विधान तसे निराधार नव्हते. जोसेफ जॅस्ट्रो या मानसशास्त्रज्ञाने १८८८ मध्येच दाखवले होते की, साधारणतः पाच वर्षांच्या आत दृष्टी गेलेल्यांच्या स्वप्नांत दृश्ये नसतात, तर सातव्या वर्षानंतर गेलेल्यांच्या स्वप्नांत ती टिकून राहतात. चूक माझ्या अनुमानात होती. जेथे दृश्य नाही तेथे काहीच नाही, असे मी गृहीत धरले होते.

मग मी विचारले, आणि त्याने आपले नेहमीचे स्वप्न सांगितले. आजोळचे अंगण, नुकतीच सारवलेली जमीन तळव्यांना गार लागते, रहाटाची करकर उजवीकडून येते, म्हणजे घर डावीकडे, आजीच्या पदराला चुलीच्या धुराचा वास. एकाएकी रहाट थांबतो, दिशा हरवते आणि तो दचकून जागा होतो. पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले डेन्मार्कमधील एक संशोधन वाचताना हे स्वप्न आठवले. जन्मांधांना भयस्वप्ने डोळसांपेक्षा अधिक पडतात, असे त्यात आढळले होते. वाट चुकणे, वाहनाची धडक बसणे, ही जागेपणीचीच भये त्यांत होती.

हेलन केलर यांनी तर वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावले. १९०८ मधील आपल्या पुस्तकात त्या सांगतात की, एकदा झोपेत केळ्यांचा वास इतका उत्कट आला की सकाळी उठून त्या केळी शोधू लागल्या. घरात केळी नव्हतीच.

माझी एक मावसबहीण जन्मतः बहिरी आहे. तिच्या स्वप्नांत माणसे हातांनी बोलतात. आमच्या आजीला खुणांची भाषा कधीच आली नाही. पण आजी गेल्यानंतर ती बहिणीच्या स्वप्नात येऊन सफाईने खुणा करू लागली. जन्मभर अडलेले बोलणे असे झोपेत मोकळे झाले.

छांदोग्य उपनिषदातला इंद्र प्रजापतीपाशी म्हणतो की, शरीर आंधळे झाले तरी स्वप्नातला आत्मा आंधळा होत नाही. तथापि तोही भितो, रडतो. अंगणात दिशा हरवलेला तो मुलगा मला तेथे भेटतो.

निरोप घेताना त्याने विचारले, “मराठीत स्वप्नाविषयी कसे बोलतात?” मी म्हणालो, “मला स्वप्न पडले, असे.” तो हसला. “बरे आहे. हिंदीत ते पाहावे लागते.” बंगाली आणि तमिळही स्वप्न पाहतात, गुजरातीत ते येते, कन्नडमध्ये मराठीसारखेच पडते. आकांक्षांची स्वप्ने मराठी माणूसही पाहतोच; पण झोपेतले स्वप्न अंगणात पाऊस पडावा तसे पडते. ज्याच्या अंगावर पडेल, त्याचे ते.

सूरदासांवर मी अजूनही बोलतो. तो युक्तिवाद टिपणांतून केव्हाच खोडला आहे. त्या पदांतल्या पैंजणांच्या नादापासून आणि हाताला लागलेल्या लोण्याच्या स्निग्धतेपासून आता मी सुरुवात करतो. कवीला दिसत होते की नाही, याचा निवाडा मी करीत नाही.