चॅपेल, बराक, म्युझियम आणि आमचा महालातला वाडा

गोव्याला जाऊन बीच बघितला नाही, असं कोण करतं? मी केलं. आणि येताना डोक्यात एक भुंगा घेऊन आले.

नागपुरातून गोव्याला निघालं, की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, ‘कोणता बीच?’ आमचाही तोच प्लॅन होता. ऑफिसमधले पाच जण, लाँग वीकएण्ड, भाड्याच्या स्कूटर्स. फुल टू धमाल! फक्त माझ्या डोक्यात आदल्या रविवारची बैठक घोळत होती.

महालात आमचा आजोबांच्या वेळचा वाडा आहे. सागवानी खांब, मधोमध चौक, मागे विहीर. आणि आता सहा हिस्सेदार. बिल्डरची ऑफर आली आणि सगळे जमले. मोठे काका म्हणाले, ‘‘पाडून टाका बाप्पा, कोण राहून राहिलं तिथं आता?’’ मग मान माझ्याकडे वळवली. ‘‘तू शिकलेली आहेस, तू सांग.’’ मी मनात फ्लॅटच्या ईएमआयचा हिशेब केला आणि सांगून टाकलं, ‘पाडा.’ आजी काहीच बोलली नाही. उठून आत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप अजून झोपेत होता. मी आणि माझी मैत्रीण, दोघीच ओल्ड गोव्याला निघालो. पणजीपासून दहाएक किलोमीटर, बाजूला मांडवी. इथं येणारे सगळे बॉम जीझसच्या चर्चमध्ये शिरतात. आम्ही गर्दीला टाटा करून होली हिलचा चढ धरला. वर गेलं की समोर उभी राहते एक अवाढव्य, तीन मजली, पांढरट इमारत. सांता मोनिका. नन्सचा हा मठ बांधायला 1606 मध्ये सुरुवात झाली आणि 1627 मध्ये काम संपलं. 1636 मध्ये आग लागली, तर लगेच पुढच्या वर्षी पुन्हा उभारणी सुरू! आर्चबिशप आलेइशो द मेनेझिसनं स्थापन केलेला हा मठ त्या काळी आशियातला नन्सचा सर्वांत मोठा मठ मानला जायचा. सात थरांची बेबिंका इथल्याच एका ननच्या हातची, असं गोव्यात सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण खाताना ही गोष्ट आठवली की चव वाढते.

बाहेरून बघताना आधी डोळ्यांत भरतात ते भिंतीला टेकवल्यासारखे जाडजूड तिरपे आधार. ते शोभेसाठी नाहीत हं. आतलं दगडी कमानीचं छत सारखं भिंतींना बाहेर ढकलत असतं. हे आधार भिंतीला उलटा रेटा देतात. म्हणजे चारशे वर्षं चाललेली रस्सीखेच म्हणा ना! मधे चौकोनी अंगण, चारही बाजूंनी व्हरांडा. मला एकदम आमचा चौक आठवला. उगाचच.

मठाच्या जुन्या चॅपेलमध्ये आज ‘म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्ट’ आहे. म्युझियम म्हटलं की आपल्याला शाळेच्या सहलीतला अजब बंगला आठवतो. रांग, शिट्टी आणि ‘हात लावू नका!’. इथला मामला वेगळा आहे. डोक्यावर उंच कमानदार छत, खाली काचेच्या पेट्यांत हस्तिदंती मूर्ती, चांदीची पूजेची भांडी, जरीकाम केलेले पाद्र्यांचे झगे. एक चांदीचा पेलिकन पक्षी तर विसरता येत नाही. पेलिकन स्वतःच्या छातीतल्या रक्तावर पिल्लांना वाढवतो, अशी जुनी समजूत. त्यावरून तो ख्रिस्ताच्या त्यागाची खूण झाला. आणि गंमत बघा, यातलं बरंचसं काम इथल्याच कारागिरांच्या हातचं. त्यात हिंदू कारागीरही होते. म्हणून विषय ख्रिस्ती असला तरी वेलबुट्टी आपल्या ओळखीची वाटते.

पण म्युझियम व्हायच्या आधी या वास्तूनं काय काय पाहिलं! 1830 च्या दशकात पोर्तुगीज सरकारनं धार्मिक संघ बंद केले. नन्सना हाकललं नाही, पण नवीन कुणी येऊ शकेना. मठ हळूहळू रिकामा होत गेला. शेवटची नन 1885 मध्ये वारली. मग इथं सैनिक राहिले. बराकच झाली! गोवा मुक्त झाल्यावर 1964 मध्ये नन्सच्या शिक्षणाची मातेर देई संस्था इथं आली. म्युझियम मुळात 1994 मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं होतं, ते 2002 मध्ये इथं हललं. पुढे मोठी डागडुजी झाली आणि 2022 मध्ये ते नव्यानं उघडलं. प्रार्थना, बंदुका, पुस्तकं, तिकीट खिडकी. भिंती त्याच.

आता रस्ता ओलांडा. समोर सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा मनोरा आहे. खरं तर अर्धा मनोरा. 1602 मध्ये बांधलेला, 46 मीटर उंच. हे चर्चही त्याच हुकुमाच्या तडाख्यात सापडलं, पण इथल्या साधूंना जावंच लागलं आणि मागे वापरायला कुणी आलं नाही. 1842 मध्ये छत कोसळलं. घंटा 1871 मध्ये पणजीच्या चर्चमध्ये गेली, ती आजही तिथं वाजते. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा पडला. दोन्हींचा दगड एकच, जांभा. तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. वरून चुन्याचा गिलावा हवा, डोक्यावर छप्पर हवं आणि दर पावसाळ्याआधी गळती बघणारं कुणीतरी हवं. बराकीतल्या सैनिकाला कलेशी काय देणंघेणं? पण छत गळलं तर तोच भिजणार. म्हणून छत टिकतं.

असं जगभर घडतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टमध्ये तेराव्या शतकातलं एक चर्च आहे. मधल्या काळात तिथं सायकली ठेवत. 2006 पासून तिथं पुस्तकांचं दुकान आहे, आणि लोक दुरून बघायला येतात. सायकली ठेवल्या म्हणून कुणी नाक मुरडलं असेलही. पण पाडलं असतं तर दुकान कुठे थाटलं असतं?

मनोऱ्याच्या पायथ्याशी बसून मी आजीला फोन लावला. ‘‘आजी, वाड्यातलं एकच काही ठेवायचं असेल, तर काय ठेवशील?’’

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘‘चौक. पाऊस पडला की घरात बसून दिसते.’’

परत आल्यावर मी काकांना सांगितलं, माझं मत बदललं. मागचा भाग द्या, पण चौक आणि पुढची ओसरी ठेवू. तिथं अभ्यासिका काढू, एखादं छोटं ऑफिस, कॅफे, काहीही चालेल. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, ‘‘भाडं किती येईल ते कागदावर दाखव. आणि कौलं कोण बदलणार, तेही लिही.’’

प्रश्न बरोबर आहे. सध्या ऑफिसमध्ये लंच ब्रेकला मी तीच एक्सेल शीट भरतेय. कौलांचा रकाना सगळ्यात वर आहे. पुढची बैठक पावसाळ्याआधी आहे.

जाताय?
ओल्ड गोव्याला सर्वांत जवळचं रेल्वे स्टेशन करमळी. पणजीहून बस मिळते, स्कूटरही मस्त. म्युझियम आणि ऑगस्टीनचा मनोरा एकाच टेकडीवर आहेत, दोन्ही पायी होतात. निघण्याआधी म्युझियमच्या वेळा विचारून घ्या. सकाळी लवकर गेलात तर ऊन कमी लागेल. आणि हो, परतीच्या बॅगेत बेबिंकाला जागा ठेवा!